सात प्रती आणि एक फोल्डर

मागच्या दिवाळी अंकाच्या वेळी आपल्या वाङ्मय मंडळाच्या सामायिक फोल्डरमध्ये एकाच लेखाच्या सात फाइली होत्या. ओव्या. ओव्या अंतिम. ओव्या अंतिम २. ओव्या तपासलेल्या. ओव्या नवीन. ओव्या खरोखर अंतिम. आणि सातवी, वैतागून मीच नाव दिलेली, ‘हीच घ्या’.

आम्ही साहित्याचे विद्यार्थी. पाठभेद म्हणजे काय हे वर्गात शिकलेलो. ज्ञानेश्वरी लिहून झाल्यावर तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून तिच्यात इतके फरक शिरले, की शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, एकनाथांना बसून प्रत शुद्ध करावी लागली. आमच्याकडे तेच काम तीन आठवड्यांत झालं होतं. फक्त एकनाथ नव्हते.

त्या ओव्या प्रथम वर्षाच्या एका मुलीने आणल्या होत्या. तिची आजी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. सुट्टीत जाऊन तिने आजीच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या ऐकल्या, वहीत उतरवल्या आणि मग लॅबमध्ये बसून एकेक करून टाइप केल्या. आमच्या संपादकांपैकी एकाने त्या ‘नीट’ केल्या, म्हणजे आजीचे बोलीतले शब्द काढून पुस्तकी शब्द घातले. मुलीने ते पाहिलं आणि आजीचे शब्द परत घालायला बसली. फाइल उघडली, वाचता आली, पण जतन करायला गेली की नकार. दुसऱ्या नावाने जतन करा, असं वर्डने सुचवलं. तिने केलं. ती पाचवी प्रत, ओव्या नवीन. त्या प्रतीवर आम्हाला लिहिता येईना, कारण ती तिची होती. मग सहावी झाली. अंक लावायच्या रात्री माझ्यासमोर सहा फाइली होत्या आणि मी त्यांतली तारखेने शेवटची उचलली, शुद्धलेखन पाहिलं आणि ‘हीच घ्या’ म्हणून ठेवली. तिच्यात पुस्तकी शब्दच होते.

मुलगी काही बोलली नाही. पुढच्या दोन बैठकांना आली नाही, एवढंच.

ई-मासिक आहे, दुरुस्ती कधीही घालता येते, असं म्हणून आम्ही तिची पाचवी प्रत घेऊन मूळ लेख दुरुस्त करायचं ठरवलं. तेव्हाही जतन होईना. लॅबच्या सरांनी आम्हा दोघांना त्या सर्व्हरवर व्यवस्थापकाचे अधिकार दिले होते, ‘विचारून वापरा’ असं बजावून. मी विचारलं नाही. इंटरनेटवर सगळेच देतात तो उपाय केला: अख्ख्या फोल्डरला ७७७. सगळ्यांना सगळं खुलं. त्या संध्याकाळी सगळ्यांचं सगळं जतन झालं आणि मी खूष होऊन घरी गेले.

दोन दिवसांनी दोन गोष्टी कळल्या. एक, नवीन केलेल्या फाइलींवर पुन्हा तोच नकार. दुसरी, ओव्या नवीन ही फाइल नाहीशी. डिस्क भरत आली होती, दुसऱ्या एका मंडळाच्या मुलाने जागा करायला म्हणून आमच्या फोल्डरमधल्या ‘डुप्लिकेट’ फाइली उडवल्या होत्या. त्याला तरी काय बोलणार? एकाच नावाच्या सात फाइली पाहून कुणालाही तो कचराच वाटेल. त्यानेही माझ्यासारखीच तारखेने शेवटची ठेवली. सर आले, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, ‘काय करूलालीस गं तू? दार बंद होतं म्हणून भिंतच पाडलीस की.’

त्यानंतरचे काही शनिवार मी आणि सर त्या मशीनसमोर बसलो. तिथे जे समजलं ते लिहून ठेवते आहे, कारण पुढच्या वर्षी मी इथे नसेन आणि फोल्डर असेल. एक सूचना: आपलं मासिक देवनागरीत निघतं, म्हणून कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत देते आहे. मशीनवर त्या रोमी छोट्या अक्षरांतच टाइप करायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगते.

आमचा सर्व्हर म्हणजे लायब्ररीमागच्या खोलीतलं एक साधं लिनक्स मशीन. लॅबमध्ये विंडोज. या दोघांचं बोलणं जुळवून देणारा दुभाषा म्हणजे सांबा हा प्रोग्राम. १९९१ च्या अखेरीस अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या विद्यार्थ्याने ऑस्ट्रेलियात कॅनबेऱ्याला त्याची सुरुवात केली. विंडोज ज्या पद्धतीने फाइली वाटते तिचं आद्याक्षरी नाव एसएमबी. ही तीन अक्षरं याच क्रमाने ज्यात येतात असा शब्द त्याने शब्दांच्या यादीतून शोधून काढला आणि सांबा मिळाला. नृत्याशी संबंध नाही. दुभाषा आहे हे मात्र लक्षात ठेवा, कारण आमची अर्धी अडचण त्या दुभाष्यापाशीच होती.

लिनक्सवर प्रत्येक फाइलीला एक मालक असतो आणि एक गट. परवानग्या तीन जणांसाठी वेगवेगळ्या ठरतात: मालक, गटातले लोक, आणि उरलेले सगळे. प्रत्येकासाठी वाचनाचे ४, लेखनाचे २, आणि चालवण्याचा किंवा आत शिरण्याचा १. बेरीज केली की आकडा तयार. ७५५ म्हणजे मालकाला सगळं, गटाला वाचन आणि प्रवेश, इतरांनाही तेच. ६४४ म्हणजे मालक वाचतो-लिहितो, बाकीचे नुसते वाचतात. एलएस -एल असं टाइप केलं की ही सगळी कुंडली अक्षरांत समोर येते: आर म्हणजे वाचन, डब्ल्यू म्हणजे लेखन, एक्स म्हणजे प्रवेश.

आम्हा मराठी माणसांना हे खरं तर सोपं जायला हवं. इंग्रजीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच शब्द आहे. समोरचा त्यात धरलाय की वगळलाय ते कळत नाही. मराठीत कळतं. फाइलीचा मालक म्हणजे मी, गट म्हणजे आपण, उरलेले म्हणजे ते. ७७७ लिहून मी ‘आपण’ आणि ‘ते’ यांतला फरकच पुसून टाकला होता.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त चकवलं ती. फोल्डरवरची लेखन परवानगी आणि फाइलीवरची लेखन परवानगी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. फोल्डर म्हणजे पेटी नव्हे, ती नोंदवही आहे. आमच्या पॅरिशमध्ये बाप्तिस्म्याची नोंदवही असते ना, तशी. वहीत नाव लिहिणं, खोडणं, बदलणं हे वही ज्याच्या हातात आहे तो करतो. ज्याचं नाव आहे त्याला विचारावं लागत नाही. म्हणून फोल्डरवर लेखन परवानगी असलेला माणूस तुमची फाइल उडवू शकतो, जरी त्या फाइलीतलं एक अक्षरही बदलायची त्याला परवानगी नसली तरी. आणि उलटही खरं: फाइलीवर लेखन आहे पण फोल्डरवर नाही, तर मजकूर बदलता येईल, नवी फाइल मात्र करता येणार नाही. वर्डला तेवढ्यानेही अडतं, कारण तुम्ही फाइल उघडलीत की तो शेजारी एक छोटी लपलेली फाइल ठेवतो, ‘ही कुणीतरी वापरतंय’ असं सांगणारी. जतन करतानाही तो बहुतेक वेळा तात्पुरती नवी फाइल लिहितो आणि मग तिला जुनीचं नाव देतो. म्हणजे जतन झाल्यावर जी उरते ती खरं तर नवजात फाइल असते, आणि तिचा मालक शेवटी जतन करणारा.

इथे ‘नवजात’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. सगळी गंमत जन्माच्या वेळी आहे. मी ७७७ केलं ते जिवंत फाइलींना केलं. त्यानंतर जन्मलेल्या फाइलींना त्याचा पत्ताही नव्हता. आमच्या आधीच्या संपादकांनीही दर पंधरा दिवसांनी हेच केलं असणार: अडलं की परवानग्या दुरुस्त करायच्या, पुन्हा नव्या फाइली येणार, पुन्हा अडणार. गळतं छप्पर तसंच ठेवून खाली बादल्या लावल्यासारखं.

नवीन फाइल जन्मते तेव्हा दोन गोष्टी ठरतात, तिचा गट आणि तिच्या परवानग्या.

गट आधी. काही वेगळं सांगितलेलं नसेल तर लिनक्स नव्या फाइलीला तिच्या निर्मात्याचा मुख्य गट देतो. आमच्या मशीनवर प्रत्येक विद्यार्थ्याचा मुख्य गट म्हणजे त्याच्याच नावाचा, एकट्याचा गट. म्हणजे मुलीने फाइल केली की मालक ती आणि गटही ती. ‘आपण’ मध्ये एकच माणूस. अशा फाइलीला गटाची लेखन परवानगी कितीही द्या, उपयोग शून्य. यावर उपाय म्हणजे फोल्डरला लावायची एक खूण, सेटजीआयडी. ती लावलेल्या फोल्डरमध्ये जे काही जन्मेल त्याला निर्मात्याचा नव्हे, त्या फोल्डरचा गट मिळतो. मूल कुणाचंही असो, ज्या घरात जन्मलं त्या घराचं आडनाव. शिवाय आत नवं फोल्डर केलं तर ती खूणही आपोआप त्याच्यावर उतरते. आकड्यात ती पुढे २ म्हणून येते: २७७०. अक्षरांत पाहिलं तर गटाच्या एक्सच्या जागी एस दिसतो. तो एस छोटा दिसला तर ठीक. मोठा दिसला तर खूण आहे पण गटाला प्रवेशच नाही, असा अर्थ. मला हे कळायला एक आख्खा शनिवार गेला.

आता परवानग्या. मशीनवर थेट बसून काम करणाऱ्यासाठी त्या युमास्क नावाच्या आकड्याने ठरतात. फाइल ६६६ पासून सुरू होते, फोल्डर ७७७ पासून, आणि युमास्कमध्ये जे आहे ते त्यातून काढून टाकलं जातं. पुष्कळ ठिकाणी युमास्क ०२२ असतो, म्हणून फाइल ६४४ होते. गटाचं लेखन जन्मतःच गेलेलं. तो ००२ केला की ६६४ मिळतं. आम्ही सुरुवातीला याच आकड्याच्या मागे लागलो होतो, सगळ्यांच्या खात्यात बदलला, आणि लॅबमध्ये जाऊन पाहिलं तर काडीचाही फरक नाही.

कारण लॅबमधून येणाऱ्या फाइली दुभाष्याच्या हातून येतात, आणि सांबाची स्वतःची चाळण आहे. तिचं नाव क्रिएट मास्क. तुम्ही काहीच लिहिलं नसेल तर ती ०७४४ असते. चाळण म्हणजे काय, यातून जेवढं बसेल तेवढंच खाली पडणार. ७४४ मध्ये गटाला ४, म्हणजे फक्त वाचन. युमास्क काहीही ठेवा, गटाला नाव कोणतंही द्या, सांबातून आलेल्या नव्या फाइलीवर गटाला लिहिता येणारच नाही. फोल्डरसाठीची चाळण डिरेक्टरी मास्क, ती न सांगता ०७५५. म्हणजे एकीने केलेल्या फोल्डरमध्ये दुसरीला फाइलच ठेवता येत नाही. मुलीला नकार कुठून आला ते इथे उमगलं. आमच्यातल्या कुणी तिला अडवलं नव्हतं. कुणी काही ठरवलंच नव्हतं, आणि कुणी ठरवलं नाही की यंत्र आपलं ठरवतं, फक्त वाचा म्हणून.

एवढं कळल्यावर प्रत्यक्ष काम तासाभराचं होतं.

आधी गट. ग्रुपॲड वाङ्मय असं लिहून नवा गट केला. मग संपादक मंडळातल्या प्रत्येकाला त्यात घातलं: युजरमॉड -एजी वाङ्मय आणि पुढे त्या व्यक्तीचं खातं. यातला ए छोटा आणि जी मोठा. तो ए विसरू नका, हात जोडून सांगते. ए म्हणजे ‘आहेत त्यात भर घाला’. तो नसेल तर ‘हाच गट ठेवा, बाकीचे जादा गट काढा’ असा अर्थ होतो, आणि मी सरांच्याच खात्यावर तो विसरले. सर व्यवस्थापकांच्या गटातून बाहेर पडले आणि मला त्यांना परत आत घ्यावं लागलं. त्यांनी त्यावर काही म्हटलं नाही, चहा मात्र मलाच आणायला लावला.

आणखी एक. गटात घातलेल्या माणसाला ते लगेच लागू होत नाही. आत शिरताना गटांची यादी एकदाच वाचली जाते. म्हणून बाहेर पडून पुन्हा लॉग इन करावं लागतं, आणि विंडोजमध्ये सर्व्हरशी असलेली जोडणीही तोडून परत करावी लागते. आमच्यातल्या दोघी अर्धा तास ‘अजून होत नाही, अजून होत नाही’ म्हणत होत्या, त्याचं कारण एवढंच. खात्री करायला आयडी ही कमांड. तुमचे सगळे गट दाखवते.

मग जुन्या फाइलींचा गट बदलला: सीएच-जीआरपी, -मोठा आर, वाङ्मय, आणि फोल्डरचा पत्ता. मोठा आर म्हणजे आतपर्यंत सगळीकडे. त्यानंतर परवानग्या, आणि इथे सरळ -आर लावून सगळ्यांना २७७० देऊ नका. तसं केलं तर साध्या मजकुराच्या फाइलीही चालवण्याजोग्या प्रोग्रामसारख्या होतात, वर सेटजीआयडी घेऊन. फाइलीवर त्या खुणेचा अर्थ फोल्डरपेक्षा अगदी निराळा आहे. बरेच जण सांगतात की सीएच-मॉड मध्ये मोठा एक्स वापरा, तो फोल्डरांनाच प्रवेश देतो. हे अर्धवट खरं आहे. ज्या फाइलीला आधीच कुणासाठी तरी एक्स आहे तिलाही तो देतो. आमच्या फाइली सांबाच्या ७४४ मुळे आणि माझ्या ७७७ मुळे सगळ्याच एक्सवाल्या होत्या. म्हणून आम्ही फाइंड ही कमांड वापरून दोन वेगळ्या फेऱ्या केल्या: -टाइप डी, म्हणजे नुसते फोल्डर, त्यांना २७७०, आणि -टाइप एफ, म्हणजे नुसत्या फाइली, त्यांना ६६०. शेवटचं शून्य पाहा. ‘ते’ आता बाहेर.

मग दुभाष्याची समजूत. सांबाच्या संरचनेच्या फाइलीत आमच्या फोल्डरच्या भागात या ओळी घातल्या: व्हॅलिड युजर्स = @वाङ्मय; रीड ओन्ली = नो; क्रिएट मास्क = ०६६०; फोर्स क्रिएट मोड = ०६६०; डिरेक्टरी मास्क = २७७०; फोर्स डिरेक्टरी मोड = २७७०. मास्क आणि फोर्स दोन्ही का, असं मीही विचारलं होतं. मास्क नुसती चाळण आहे, ती काढून घेते, देत काही नाही. फोर्स आहे तो देतो: आलेल्या फाइलीत हे अंक नसतील तर घालतो. फोर्स ग्रुप अशीही एक ओळ असते, सगळ्यांना त्या गटाचं समजणारी; सेटजीआयडी लावल्यावर तिची गरज उरत नाही. आणि इनहेरिट परमिशन्स = येस ही एक ओळ लिहून वरच्या मास्क-फोर्सच्या चारही ओळी टाळता येतात, नवी फाइल वरच्या फोल्डरकडे बघून परवानग्या घेते. सरांना ती पद्धत आवडते. मला चार ओळी बऱ्या वाटल्या, कारण पुढच्या वर्षी जी मुलगी ही फाइल उघडेल तिला आकडे डोळ्यांसमोर दिसतील. टेस्टपार्म चालवून लिहिण्यात चूक नाही ना ते पाहिलं आणि सांबाला नवी संरचना वाचायला लावली.

आता काही खाचखळगे, जसे आठवतील तसे.

दुसरीकडून फाइल आणताना कॉपी केली तर ती इथे नव्याने जन्मते आणि आमचा गट घेते. पण त्याच डिस्कवरून हलवली, म्हणजे कट करून चिकटवली, तर तिचा जन्म झालेलाच असतो. ती आपला जुना गट आणि जुन्या परवानग्या तशाच घेऊन येते. सासरी आली तरी माहेरचं आडनाव न सोडणारी. त्यात वाईट काही नाही, पण अशा फाइलीवर बाकीच्यांना लिहिता येणार नाही. म्हणून आमच्याकडे नियम: सर्व्हरवरच्या स्वतःच्या फोल्डरमधून आणायची तर कॉपीच करा.

एकमेकींच्या फाइली चुकून उडवू नयेत म्हणून आम्ही स्टिकी बिट लावून पाहिला. ही आणखी एक खूण, आकड्यात पुढे १, सेटजीआयडीसह ३७७०. ती असली की फाइल उडवणं किंवा तिचं नाव बदलणं हे तिच्या मालकाला, फोल्डरच्या मालकाला किंवा व्यवस्थापकालाच जमतं. लिनक्सच्या सगळ्यांसाठी खुल्या तात्पुरत्या फोल्डरवर ती असतेच. ऐकायला झकास, पण वर्डचं जतन करणं आठवा: नवी फाइल लिहून जुनीच्या जागी बसवायची. दुसरीची फाइल असली की तेच अडायला लागलं, आणि पुन्हा ‘दुसऱ्या नावाने जतन करा’. आम्ही ती खूण त्याच दिवशी काढली. उडवण्याच्या भीतीवर औषध परवानगीत नाही, रोजच्या बॅकअपमध्ये आहे. तो आता रात्री दुसऱ्या डिस्कवर जातो.

प्रसिद्ध झालेल्या अंकांचा फोल्डर मात्र वेगळा काढला. तो सगळ्यांना वाचायला खुला, लिहायला कुणालाच नाही, संपादकांनाही नाही. दुरुस्ती करायची तर दोघींनी मिळून सरांकडे जायचं. एकनाथांनीही प्रत शुद्ध करून झाल्यावर यात कुणी आपली ओवी घालू नये असं बजावून ठेवलं होतं, त्याचीच ही आमची गरीब आवृत्ती.

शेवटी तपासणी. ती व्यवस्थापकाच्या खात्यावरून करू नका. त्याला कुठेच अडत नाही, म्हणून सगळं बरोबरच दिसतं. मी हीच चूक दोनदा केली. दोन साध्या खात्यांवरून, लॅबच्या दोन मशीनवर बसून करा. एकीने फोल्डर करायचं, त्यात फाइल करायची. दुसरीने ती उघडून एक ओळ घालायची, त्याच नावाने जतन करायची. मग पहिलीने पुन्हा उघडून जतन करायची. ही परतीची फेरी महत्त्वाची, पहिल्या जतनात मालक बदललेला असतो. आणि तिसऱ्या, गटाबाहेरच्या खात्यावरून फोल्डर उघडतच नाही ना ते पाहायचं.

ती दुसरी कोण, तर प्रथम वर्षाची तीच मुलगी. मी तिच्या वर्गाबाहेर उभी राहून तिला विचारलं, येशील का. झाल्या गोष्टीबद्दल माफीही मागितली, जरा अडखळतच. ती म्हणाली, ‘ताई, आजीला मी सांगितलंच नाही. अंक दाखवलाच नाही तिला.’ मग आली, बसली, फाइल उघडली, एक ओळ घातली, जतन केलं. झालं. तिने परत एकदा केलं, विश्वास न बसून.

नाताळच्या सुट्टीत ती पुन्हा खानापूरकडे गेली. वही होती, पण आजीकडून परत ऐकायचं म्हणाली. या खेपेला आजीने तीन ओव्या निराळ्याच म्हटल्या आणि एक नवीनच सांगितली. वहीतली खरी की ही खरी, असं तिने विचारलं तेव्हा आजी हसली म्हणे. आम्ही दोन्ही ठेवल्या आहेत, एकाच फाइलीत, एकाखाली एक, आजीच्या शब्दांत. फोल्डरमध्ये आता ओव्या नावाची एकच फाइल आहे. परवा एलएस -एल करून पाहिलं: परवानगी ६६०, गट वाङ्मय, आणि मालकाच्या जागी तिचं नाव.